सटवाईच्या कागदावर एक रेघ

बाई, आधी चूक कबूल करते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही चष्म्यावरून बघणार नाही. पासलीला बबनच्या घरी, त्याच्या पाच दिवसांच्या लेकीच्या पाचवीला, सटवाईसाठी मांडून ठेवलेल्या कोऱ्या कागदावर मी सटवाईच्या आधी लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, खाली लफ्फेदार सही केली.

तुम्हाला हे माहीत आहे. तुम्हीच ते निस्तरलंत. पण तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि या अकरा दिवसांत मी हे मनातल्या मनात तुम्हाला इतक्यांदा सांगितलंय की आता कागदावर उतरवल्याशिवाय सुटका नाही. शिवाय सायलीचा फोन. सायली म्हणजे माझी नात. ती नर्सिंगला आहे, येत्या सोमवारी पहिल्यांदा वॉर्डात उभी राहणार. रोज विचारते, "आजी, काही चुकलं तर?" मी म्हणते, "चुकणारच." मग तिची आई फोन हिसकावून घेते, "आई, धीर द्यायचा सोडून काय हे!"

धीर द्यायचं काम तुमचं होतं हो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले तरी मी तो भोरला तुमच्याकडे येऊन नेत होते. आता सोमवार जणू माझाच आहे.

पुण्याच्या शाळेत दोन वर्षं काढून मी भोरच्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आमच्या कामथडीची पहिली नर्स! सुट्टीला घरी गेले की कुणी विचारलेलं नसताना शेजारपाजाऱ्यांचा ताप मोजायची. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायची, हत्यारांची इंग्रजी नावं आरतीसारखी म्हणायची, आणि तापाचा तक्ता असा काढायची की बघत राहावं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझा तक्ता हातात घेऊन खिडकीच्या उजेडाकडे धरलात. मी शाबासकीची वाट बघत उभी.

"रांगोळी छान आहे," तुम्ही म्हणालात. "आता पेशंटला ताप आहे का ते बघून ये."

गेले. खाट रिकामी. पेशंट जेवणाआधीच घरी गेलेला, आणि मी त्याचा दुपारचा ताप सकाळीच भरून ठेवलेला. त्याला घरी जायला मिळालं, पण माझ्या तक्त्यावर तो बिचारा शंभर तापानं फणफणत होता.

मी खोडरबर काढला. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि एप्रनच्या खिशात टाकलात. परत कधी दिला नाहीत. म्हणालात, "खोडायचं नाही. खोडलं की माणूस विचारतो, खाली काय होतं? एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही करायची. आणि उशिरा लिहिलंस तर 'उशिरा लिहिलं' असं लिही. वेळेवर लिहिल्याचं सोंग आणू नको."

मला तुमची भीती वाटायची, बाई. तुम्ही कॅनव्हासचे बूट घालायचात, त्यामुळे पावलं वाजायची नाहीत. "हात धुतलेस?" एवढं विचारून तुमचं समाधान व्हायचं नाही. हात हातात घेऊन बघायचात, अजून ओले आहेत का. दिवसाला चार कप चहा प्यायचात, आणि चौथा कप संपता संपता थोडं बोलायचात. अशाच एका चौथ्या कपाला सांगितलंत की तुम्ही मूळच्या आंबवड्याच्या. तुमच्या वडिलांनी बुद्धाचा धर्म घेतला आणि घरातले देव नीरेत सोडले, तेव्हा तुम्ही विशीत होतात. "देवळीत आता माझी पुस्तकं असतात," असं म्हणालात. मी "हो का" म्हणाले. एकोणिसाव्या वर्षी माणूस किती मोठ्या गोष्टीला "हो का" म्हणतं!

वर्षभरानं मला वेल्ह्याच्या डोंगरात नेमलं. आणि माझ्यासारख्या नव्या पोरींवर देखरेख करायला बढतीवर कोण आलं? तुम्ही. मी कपाळावर हात मारला होता, आता सांगायला हरकत नाही.

माझी खोली पासलीपासून तासाभराच्या वाटेवरच्या गावात, देवळामागं. कंदील, लोखंडी पेटी, आणि खुंटीला अडकवलेला लहान बाळांचं वजन करायचा स्प्रिंगचा काटा. पौंडांचा, जुना, आणि असा जड की झोळी आणि आकड्यासकट खांद्यावर घेतला की मी हमाल दिसायची. मला नर्स दिसायचं होतं. मार्गशीर्ष होता, भात झोडून झालेला, अंगणाअंगणात पेंढ्याच्या गंज्या. निरोप आला की बबनची बायको हौसा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, सुईणीनं मोकळी केली, आज पाचवा दिवस. मी पिशवी भरली. काय काय घेतलं सांगू? पावडरचा डबा, आरसा, विणायला घेतलेला स्वेटर. काटा खुंटीवर राहिला. वहीसुद्धा राहिली.

दुपारी पोचले. घरात शेगडीचा धूर, बाजेवर हौसा, आणि तिच्या कुशीत ओंजळभर पोर. म्हातारी, म्हणजे बबनची आई ठमाबाई, नारळ आणायला गेलेली. मी बाळ उचललं आणि आई बाजारात भोपळा तोलते तसं दोन्ही हातांवर तोललं. चार पौंड, माझं मीच ठरवलं. आता लिहायचं कशावर? बघते तर कोपऱ्यात पाटा, त्यावर हळदकुंकू लावलेला वरवंटा, आणि शेजारी वहीतला कोरा कागद आणि नीट टोक काढलेली पेन्सिल. मला वाटलं, वा! काय सोय आहे.

पाचवी मला नवीन होती म्हणता? माझ्या स्वतःच्या धाकट्या भावाच्या पाचवीला कागद मी आणून दिला होता! त्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या आयुष्यात काय काय आहे ते लिहून जाते, हे मला दुधाबरोबर पाजलेलं. पण दोन वर्षं पुण्यात राहून माझ्या डोक्यात अशी हवा गेली होती की कोरा कागद दिसला की तो सरकारीच वाटायचा. मी लिहिलं: वजन ४ पौंड. कमी आहे. जपावे. आणि सही.

ठमाबाई नारळ घेऊन आत आली.

"अगं ए! काय करतीस?"

"वजन लिहिलं, आजी."

"कुणाच्या कागदावर?"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. बबन चौथी शिकलेला. त्यानं कागदाला हात न लावता, वाकून वाचलं. "वजन चार पौंड. कमी हाय…"

"काय कमी हाय?" म्हातारीनं विचारलं. "आयुक्ष?"

"न्हाई आये, वजन."

पण ते तिच्या कानात शिरलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाट्याशेजारी खाली बसली आणि कागदाकडं बघत म्हणाली, "आता ती येईल तवा लिवंल कुठं? का तू लिवलंस त्येच वाचून माघारी जाईल?"

बाई, ते पोर जगणं मुश्कील होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि ते गेलं असतं तर थंडीनं गेलं, कमी दिवसांचं होतं म्हणून गेलं, असं पासलीत कुणीही म्हणणार नव्हतं. नर्सनं लिहिलं म्हणून गेलं. त्यानंतर त्या खोऱ्यातल्या एकाही बाळंतिणीनं मला उंबरा ओलांडू दिला नसता. मला नाही आणि माझ्यानंतर येणाऱ्या कुणालाच नाही.

मी धावतपळत खोलीवर आले आणि एस.टी.च्या कंडक्टरबरोबर तुम्हाला वेल्ह्याला चिठ्ठी पाठवली. "बाई, ताबडतोब या. मी सटवाई झाले आहे." ती चिठ्ठी तुम्ही जपून ठेवलीत आणि पुढे प्रत्येक नव्या पोरीला वाचून दाखवलीत. याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुम्ही आलात. खोलीत पाऊल टाकताच तुमची नजर खुंटीवर गेली.

"काटा इथं. मग काल वजन कशानं केलंस?"

"नेला होता बाई. परत आणून अडकवला."

किती सहज निघालं तोंडातून! तुम्ही काटा खुंटीवरून काढलात, टॉवेलात गुंडाळलात आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलात. तासाभराची ती वाट. मी मागून चालत होते आणि तुमच्या खांद्यावर काट्याचा आकडा वाजत होता, टक्, टक्. आजही कधी रक्तदाब वाढला की मला तो आवाज येतो.

बबनच्या घरी तुम्ही पडवीतच थांबलात. कुणी "आत या" म्हटलं नाही आणि तुम्ही वाट पाहिली नाहीत. पडवीत ऊन होतं. "इथंच करू वजन," असं जणू उन्हासाठीच ठरवल्यासारखं म्हणालात आणि तुळईला काटा अडकवलात. म्हातारीनं तो कागद आणला. तुमच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला, हातात दिला नाही.

"इंदू, बाळ घे. झोळीत ठेव," तुम्ही मला सांगितलंत. "सावकाश. मानेखाली हात. आता सोड." तुम्ही स्वतः हात पाठीमागं बांधून उभ्या. मला राग आला. म्हटलं, बघा, चारचौघांत परीक्षा घेतायत माझी.

काटा थरथरला आणि थांबला.

"तीन पौंड दहा औंस," तुम्ही मोठ्यानं वाचलंत.

बबन पुढं आला. "काल तर चार व्हतं की! येका दिसात येवढं सुकलं?" आतून हौसाचं रडू फुटलं. म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. रागानं नाही, नुसतं पाहिलंत. तुमच्या तोंडाशी शंभर सबबी आल्या असतील, बाई. काटे वेगळे असतात, कपड्याचं वजन धरलं होतं, जन्मल्यावर बाळ थोडं उतरतंच. यातलं शेवटचं तर खरंही आहे. पण तुम्ही म्हणालात, "इंदू, सांग."

मी सांगितलं. काटा आणला नव्हता. वजन केलंच नव्हतं. हातावर तोलून अंदाजानं लिहिलं. आणि सही केली.

म्हातारीनं डोळे उघडले.

"म्हंजी काल तू लिवलंस ते खोटं?"

"व्हय, आजी."

"समदं खोटं?"

"समदं."

"अगं मंग लिवलेलंच न्हाई की ते!" म्हातारीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता ती मला मिठी मारते. "खोट्याला सटवी कशाला वाचंल? बबन्या, कागद कोराच हाय रं!"

खरं सांगा बाई, हे असं होणार हे तुम्हाला माहीत होतं? आयुष्यभर मी विचारलं आणि आयुष्यभर तुम्ही चष्मा पुसलात. मला वाटतं, माहीत नव्हतं. तुम्हीसुद्धा त्या क्षणी माझ्याइतक्याच घाबरलेल्या होतात, आणि तरीही खरंच सांगायला लावलंत. हे सायलीला कसं सांगू? खरं बोललं की चांगलंच होतं, असं तिला सांगायचं नाही. मी पुढं किती वेळा खरं बोलले आणि शिव्या खाल्ल्या. पण त्या पोरीला त्या दिवसापासून जे मिळालं ते खऱ्या आकड्यामुळंच मिळालं. चार पौंडांच्या बाळाला तेवढं जपत नाहीत. तीन पौंड दहा औंसांच्या बाळाला जपतात.

तुम्ही मला पेन्सिल घ्यायला लावलीत. कालच्या ओळीवर एक रेघ मारायला लावलीत. एकच, खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही. लफ्फा न मारता. आणि त्याखाली नवा आकडा. मग म्हातारीला म्हणालात, "मावशी, बाकीचा कागद अजून मोकळा आहे. त्यावर काय यायचं ते तुमच्या घरात ठरणार. सटवाईला लिहायला चांगलं काहीतरी मिळायला हवं ना?"

आणि कामाला जुंपलंत घराला! शेगडी धुरासकट दाराशी. पोर कापसात गुंडाळून आईच्या अंगाशी, लुगड्याच्या आत. चोखायला बळ नाही तर आईचं दूध काढून बोळ्यानं पाजायचं, आणि दर पाजण्याला एक चिंचोका परातीत टाकायचा. संध्याकाळी चिंचोके मोजायचे. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा म्हातारी परात घेऊन दारातच बसलेली. "धा हायेत. लिव."

परत येताना मी रडायला लागले. वाटेत धोंड्यावर बसले. म्हटलं, मी राजीनामा देते, मला हे जमणार नाही, तुम्ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंत. तुम्ही पाच पावलं पुढं गेला होतात. वळून म्हणालात, "रड. पण चालता चालता रड. साडेचारची गाडी चुकेल."

यावर मी तुमच्याशी चाळीस वर्षं भांडले. आपली दोन भांडणं होती, ती दोन्ही तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात. एक, मला एकटीला बाजूला घेऊन विचारता आलं असतं की नाही? तुम्ही म्हणायचात, "बाजूला विचारलं असतं तर तू बाजूलाच सांगितलं असतंस." आणि दुसरं, तुमच्यासारख्या बाईनं, जिच्या देवळीत पुस्तकं, तिनं सटवाईच्या कागदाला मान दिलाच कसा? त्यावर एकदा तुम्ही चिडलात. "सटवाई खरी नव्हती इंदे, म्हातारीची भीती खरी होती. मी भीतीवर औषध केलं. तुझ्या पुस्तकात होतं का ते?" माझ्या पुस्तकात नव्हतं. पण मला अजूनही वाटतं की पुढच्या वेळी तुम्ही म्हातारीशी त्याबद्दल बोलायला हवं होतं. बघा, अजून भांडतेय. समोरून उत्तर येत नाही याची सवय व्हायची आहे.

तेरा दिवस मी रोज पासलीला गेले. दुसऱ्या दिवशी एक औंस उतरला. तो आकडा मी इतका बारीक लिहिला की तो सात आहे की नऊ हे बबनला दोनदा विचारावं लागलं. तिसऱ्या दिवशी वजन तेवढंच. चौथ्या दिवशी वाटेत समोरून कुणी येताना दिसलं की मला वाटायचं, निरोप घेऊनच येतायत. मी रस्ता सोडून बांधावरून जायची, उगाच पाच मिनिटं उशिरा कळावं म्हणून. सहाव्या दिवशी दोन औंस चढले. आणि तेराव्या दिवशी, तुम्हीही आला होतात, काटा चारावर येऊन थांबला. कागदाच्या तळाशी मी लिहिलं, ४ पौंड. वर रेघ मारलेले ४ पौंड, खाली खरे.

पासलीची दारं उघडली, बाई. पुढची सहा वर्षं त्या खोऱ्यात असं एकही घर नव्हतं जिथं मला माजघरापर्यंत नेलं नाही.

मला. हा शब्द मी इतकी वर्षं घाईघाईनं म्हणून पुढं जाते.

कितीतरी वर्षांनी, तुम्ही निवृत्त झाल्यावर, भोरच्या तुमच्या घरी मी पुन्हा तीच टेप लावली होती, की कशी तुम्ही माझी परीक्षा घेतलीत, स्वतः एकदाही बाळाला हात लावला नाहीत. तुम्ही लसूण सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, "मी हात लावला असता तर म्हातारीनं पोरीला आंघोळ घातली असती. त्या थंडीत राहिली असती का ती?"

आणि पुढची पाकळी घेतलीत.

दोन्ही वेळा हात पाठीमागं बांधून. मला माने-पाठीखाली हात कसा द्यायचा ते तोंडानं सांगत. आणि मला वाटत होतं, माझी परीक्षा चाललीय! कामथडीची पहिली नर्स. बाळाची नाडी मोजत होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडं बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्याकडं लसूण सोलायला बसले, आणि सगळा गड्डा सोलून टाकला. तुम्ही म्हणालात, "पुरे. लोणचं घालायचंय का?"

ती पोर, चांगुणा, आता आजी झाली आहे. तुमच्या शेवटच्या दिवशी ती नव्हती, कारण तिला कुणी कळवलं नाही. मीही नाही. फोन हातात घेतला होता. पण तिनं विचारलं असतं, "त्या कोण व्हत्या?" तर कुठून सुरुवात करणार? आज-उद्या करेन. करायलाच हवा.

तेव्हा सायली, बाईंना सांगता सांगता तुलाच सांगते. रजिस्टरबरोबर काटाही ने, हात ओले आहेत का ते स्वतःच बघ, आणि तक्ता सुंदर नसला तरी चालेल. चूक झाली की पोटात जे गरगरतं ते चांगलं असतं. ते थांबलं तर मात्र घाबर. पण हे सगळं तुला कुणीही शिकवेल. जे माझ्याकडून सुटलं ते हे, की खोलीत आणखी कोण उभं आहे आणि त्याला आत का बोलावलेलं नाही, तेही बघायचं असतं. ते कुठल्याच तक्त्यात भरायला जागा नसते.

बाई, आता एकच नोंद राहिली. उशिरा लिहिलं, असं आधी लिहिते.

तेराव्या दिवशी काटा चारावर आला तेव्हा म्हातारीनं आनंदानं चहा टाकला. मला हाताला धरून चुलीपाशी नेलं. "ये गं, हितं बस, उबेला." तुमच्यासाठी गोठ्याच्या कोनाड्यातला वेगळा कप बाहेर आला. मी तो बघितला. आत मला तुमचा आवाज ऐकू आला, "नको मावशी, मी चहा घेत नाही."

दिवसाला चार कप पिणाऱ्या तुम्ही. ते त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. बाहेर आले नाही. चुलीपाशी बसून कप संपवला, आणि म्हातारीनं विचारलं तेव्हा अजून अर्धा घेतला. बाहेर आले तेव्हा तुम्ही काटा टॉवेलात गुंडाळून तयार होतात.

यावर मी रेघ मारली नाही, सही केली नाही. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं. सटवाईची गोष्ट हसून हसून दुनियेला सांगितली, आणि तिचं शेपूट दर वेळी कापलं. तुम्ही जाण्याआधी तीन आठवडे मी भोरला आले होते. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, हात माझ्या हातात होता, कोरडा. मी सगळं सांगितलं. चूल, कप, वरचा अर्धासुद्धा. म्हटलं, "बाई, मी उठून बाहेर यायला हवं होतं."

तुम्ही माझा हात दाबून म्हणालात, "गुळाचा होता ना गं? पडवीत वास येत होता."